दोन संगणक, एक घर आणि वऱ्हाडातला ऱ

मंडळी, आज जरा तावातावाने लिहिणार आहे. शनिवारचा चहा हातात असेल तर आधी संपवा, मग वाचा.

तर झालं असं. आमचे बाबा वीज मंडळातून निवृत्त झाले त्याला आता बरीच वर्षं झाली. नोकरीची पहिली दहा वर्षं अकोला, मूर्तिजापूर, कारंजा अशा भागात गेली. त्या आठवणी ते सध्या लिहिताहेत. त्यासाठी सत्तरी उलटल्यावर मराठी कीबोर्ड शिकले. दोन बोटांनी टाइप करतात, पण रोज एक पान म्हणजे एक पान. चौदा प्रकरणं झाली. पंचाहत्तरीला घरातल्या घरात एक छोटं पुस्तक काढायचं असं ठरलं. माझी बायको डिझायनर, तेव्हा मांडणी तिच्याकडे. बाबांचा डेस्कटॉप हॉलमध्ये, त्यावर विंडोज. बायकोचा मॅक जेवणाच्या टेबलावर. दोघांमध्ये अंतर आठ फूट. राउटर एकच. आणि मधल्या खुर्चीवर मी, वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेला माणूस.

आता आठ फुटांवरून चौदा फाइली पलीकडे न्यायच्या. सोपं आहे ना? मीही तसंच म्हटलं होतं. बाबांच्या मशीनवर फोल्डर शेअर केला. मॅकवर तो दिसेना. आयपी पत्ता टाकून गेलो तर पासवर्ड मागितला. बाबा रोज चार आकडी पिन टाकून आत जातात, तो पिन टाकला, चालला नाही. (तो पिन त्या मशीनपुरताच असतो, नेटवर्कवरून खात्याचा खरा पासवर्ड लागतो. हे कुठेही लिहिलेलं नसतं.) खरा पासवर्ड बाबांना आठवेना, कारण तो एकदाच, मशीन आणलं त्या दिवशी मीच टाकला होता. अर्धा तास गेला. शेवटी बायको म्हणाली, "अरे, पेनड्राइव्ह दे ना, मला कामं आहेत."

दिला. तिने फाइली नेल्या, तिच्या जुन्या बाहेरच्या डिस्कवर ठेवल्या, फाँट वगैरे नीट केले, झिप करून परत दिल्या. मी ती झिप बाबांच्या फोल्डरमध्ये उघडली. विंडोजने विचारलं, आधीच्या फाइलींच्या जागी नव्या ठेवू का? ठेव म्हटलं. विषय संपला.

विषय तिथून सुरू झाला.

पुढच्या महिन्यात बाबा एकदा म्हणाले, "अरे, त्या वादळाच्या रात्रीचा परिच्छेद मी लिहिला होता. दिसत नाहीये." मी म्हटलं, "बाबा, सेव्ह केलं नसेल." आठवड्याने पुन्हा तेच. मी पुन्हा तेच उत्तर दिलं, जरा वरच्या आवाजात. तिसऱ्या वेळेनंतर त्यांनी विचारणं बंद केलं. त्याऐवजी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या तारखेखाली बारीक अक्षरात लिहायला लागले: आज काय लिहिलं, किती ओळी. मला वाटलं, शिस्त आहे. मग एका रात्री आईने मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं, "यांना एकदा डॉक्टरांना दाखवूया का रे? विसरायला लागलेत असं त्यांनाच वाटतंय."

दुसऱ्या दिवशी मी तो फोल्डर उघडून बसलो. प्रकरणं चौदा, फाइली सतरा. तीन नावं दोन-दोनदा. तंतोतंत तीच नावं, अक्षर न् अक्षर. एका फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली असूच शकत नाहीत हे आपण पहिल्या वर्षी शिकतो. इथे होत्या. ती तीन नावं अशी:

'वऱ्हाडातलं पहिलं घर'
'दुसऱ्या पाळीतली माणसं'
'कऱ्हाडची बदली'

दिसलं का काही? मला दिसायला दहा मिनिटं लागली. तिन्हींत तो अर्धा ऱ आहे. बाकीच्या अकरा नावांत नाही.

ज्यांना या भानगडीशी देणंघेणं नाही त्यांनी पुढचा एक परिच्छेद सोडला तरी चालेल, पण सोडू नका, मजा आहे. युनिकोडमध्ये ऱ दोन प्रकारे लिहिता येतो. एक, स्वतंत्र अक्षर म्हणून, ज्याचा क्रमांक ०९३१. दुसरा, साधा र म्हणजे ०९३० आणि त्याखाली नुक्ता म्हणजे ०९३सी, असे दोन तुकडे. युनिकोडचा नियम सांगतो की हे दोन्ही एकच समजायचे. कीबोर्डवरून येतो तो एकसंध ऱ. मॅकची १९९८ पासूनची जुनी डिस्क पद्धत, एचएफएस प्लस, प्रत्येक नाव साठवताना अशा अक्षरांचे तुकडे करून ठेवायची. विंडोजची एनटीएफएस जे नाव येईल ते जसंच्या तसं ठेवते आणि तुकड्यांचा ऱ व एकसंध ऱ या दोन वेगळ्या गोष्टी मानते. बायकोच्या डिस्कवर नावाचे तुकडे झाले, झिपमधून तुकडे तसेच आले, आणि विंडोजला वाटलं ही नवीन फाइल आहे. म्हणून त्या तीन प्रकरणांना विचारलंच नाही, जुन्या शेजारी नव्या ठेवून दिल्या. २०१७ मध्ये मॅकवर एपीएफएस आली, ती नाव दिलं तसं ठेवते आणि शोधताना दोन्ही रूपं एकच धरते. पण जुन्या डिस्का आणि त्यांतून निघालेल्या झिपा अजून घरोघरी आहेत.

आता बाबा काय करत होते? एके दिवशी वरच्या फाइलवर क्लिक, दुसऱ्या दिवशी खालच्या. दुरुस्त्या दोन ठिकाणी वाटल्या गेल्या. वादळाची रात्र एकीत होती, वायरमनच्या लग्नाचा किस्सा दुसरीत. त्यांनी सगळं लिहिलं होतं. सेव्हही केलं होतं.

मी त्यांना दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडून दाखवल्या. बराच वेळ बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, "म्हणजे मी लिहिलं होतं."

हो बाबा, तुम्ही लिहिलं होतं. आणि मी तीन वेळा तुम्हाला सांगितलं की नाही लिहिलंत.

इथून पुढे तावातावाने.

माझं म्हणणं साधं आहे. एकाच घरातल्या, एकाच राउटरवरच्या दोन मशीन्समध्ये फाइल देणं-घेणं ही चैन नाही, ती संगणकाची किमान पात्रता आहे. फ्रिजने गार करावं, पंख्याने फिरावं, तसं. आणि आज ती पात्रता सामान्य माणसाच्या हाती नाही. याचं कारण तंत्र अवघड आहे हे नाही. याची कोणाला गरज वाटत नाही, हे आहे. विकणाऱ्यांना नाही, आणि (हे जास्त लागतं) आपल्याला, म्हणजे इंजिनियर मंडळींनाही नाही.

तंत्र जुनं आहे हो. एसएमबी नावाचा प्रोटोकॉल १९८० च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबाउम यांनी तयार केला. मायक्रोसॉफ्टने तो उचलला आणि वाढवला. १९९१ च्या अखेरीस कॅनबेरात अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने तारेवरून जाणारी पॅकेट्स बघून बघून त्याची नक्कल लिहायला घेतली. तेच पुढे सांबा झालं. मायक्रोसॉफ्टने सर्व्हरशी बोलण्याची माहिती इतरांना द्यावी यासाठी युरोपियन कमिशनला २००४ मध्ये ४९.७ कोटी युरो दंड लावावा लागला. २००७ च्या सप्टेंबरमध्ये न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला, आणि त्याच डिसेंबरात सांबाच्या लोकांना दहा हजार युरो भरून कागदपत्रं मिळाली. म्हणजे दुसऱ्याची फाइल वाचता यावी म्हणून लोक कोर्टापर्यंत गेलेत. मॅकमध्ये २००२ च्या जॅग्वारपासून विंडोजशी शेअरिंग आयतं येतं. २०११ च्या लायनमध्ये ॲपलने सांबा काढून स्वतःचं एसएमबी घातलं, २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून एसएमबी हीच मॅकची मुख्य शेअरिंग पद्धत झाली. आज दोन्ही बाजू एकच भाषा बोलतात.

मग अडतं कुठे? दाराशी. भाषा एक आहे, पण एकमेकांना घर सापडत नाही, सापडलं तर बेल वाजत नाही, आणि वाजली तर आतून विचारतात कोण तुम्ही.

पूर्वी विंडोजच्या 'नेटवर्क'मध्ये शेजारची मशीन्स आपोआप दिसायची. ती यादी जुन्या एसएमबी १ च्या जिवावर चालायची. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय आलं, एसएमबी १ मधल्याच एका भोकातून शिरलं आणि जगभर हाहाकार झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्या विंडोजवर एसएमबी १ मुळातच बसवणं बंद झालं. बरोबरच झालं. पण सोबत ती यादीही गेली. तिच्या जागी विंडोज एका पद्धतीने हाक मारतं, मॅक दुसऱ्या, आणि दोघं एकमेकांच्या हाका ऐकतीलच असं नाही. २०१८ मध्ये विंडोजमधून होमग्रुप गेला, तोही घरच्यांसाठीच होता. २०२४ च्या विंडोज ११ अपडेटपासून प्रो आवृत्तीवर पासवर्डाशिवायचं 'गेस्ट' शेअरिंगही मुळात बंद असतं. मॅकच्या बाजूला बघा: फाइल शेअरिंग चालू केलं म्हणजे विंडोजसाठी चालू झालं असं नाही. 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन त्या माणसाच्या नावासमोर वेगळी खूण करायची, पासवर्ड पुन्हा टाकायचा.

यातल्या प्रत्येक पायरीला कारण आहे आणि बहुतेक कारणं योग्य आहेत. मी सुरक्षिततेच्या विरोधात नाही. पण कुलपं वाढवणाऱ्याने किल्ल्यांची सोय बघायची असते. घरात पाच कुलपं लावली आणि सत्तरीतल्या माणसाला सांगितलं की किल्ल्या कुठेतरी सेटिंग्जमध्ये आहेत, शोधा, तर त्याला सुरक्षितता म्हणायचं का? तो माणूस काय करतो? कुलपांना बाजूला ठेवून खिडकीतून वस्तू देतो. आपल्या घरांत त्या खिडकीचं नाव पेनड्राइव्ह, व्हॉट्सॲप आणि 'ड्राइव्हवर टाक'.

आता मला माहीत आहे, अर्धे वाचक इथे म्हणताहेत की अरे बाबा, कोण करतं आता लॅनवर शेअरिंग? क्लाउडवर टाक, लिंक पाठव, झालं. हा युक्तिवाद मी ऑफिसात इतक्या वेळा ऐकलाय की त्याला सविस्तर उत्तर देतोच.

पहिलं, हिशोब करा. लग्नाचे फोटो ४० जीबी. घरातल्या गिगाबिट वायरवरून सेकंदाला साधारण ११० एमबी जातात, म्हणजे सहा-सात मिनिटं. तेच ५० एमबीपीएसच्या कनेक्शनवरून वर चढवायला पावणेदोन तास, आणि त्याच कनेक्शनवरून खाली उतरवायला पुन्हा तेवढेच. आठ फुटांसाठी साडेतीन तास. बरं, गूगलची फुकट जागा १५ जीबी, म्हणजे आधी पैसे भरा. शेजारच्या फ्लॅटमध्ये वाटीभर साखर द्यायची तर आपण कुरियर करतो का? आणि कुरियरवाल्याने दर महिन्याला भाडं मागितलं तर?

दुसरं, त्या फाइली काय आहेत बघा. बाबांच्या आठवणी, आईचे रिपोर्ट, घराचा करारनामा. त्या घराबाहेर जायची गरजच नव्हती. क्लाउड वाईट असं मी म्हणत नाही, माझी पोळी त्यावरच भाजते. बॅकअपला उत्तम. पण घराबाहेर काय पाठवायचं हे घरच्यांनी ठरवून पाठवणं वेगळं आणि दुसरा रस्ताच उरला नाही म्हणून पाठवणं वेगळं.

तिसरं, व्हॉट्सॲप. फोटो साधा पाठवला की बारीक होतो, हे आपल्याला माहीत असतं, आई-बाबांना नसतं. एका नातेवाइकांकडे गेल्या पिढीचे स्कॅन केलेले फोटो आता फक्त अशा दाबलेल्या रूपात उरले आहेत, कारण मूळ मशीन भंगारात गेलं. ते मोठे करून छापता येत नाहीत. कुणी काही चूक केली नाही, फक्त सोपा रस्ता धरला.

चौथा मुद्दा विकणाऱ्यांचा. एकाच कंपनीच्या दोन वस्तूंमध्ये फाइल देणं बघा कसं मस्त चालतं. एअरड्रॉप २०११ पासून आहे. म्हणजे जमतं की! न पासवर्ड, न आयपी पत्ता, शेजारचा माणूस पडद्यावर दिसतो, टिचकी मारली की गेलं. जे कुंपणाच्या आत इतकं सुंदर होतं ते कुंपणापलीकडे इतकं कळकट का, याचं उत्तर अभियांत्रिकीत शोधू नका. दोन्ही कंपन्या महिन्याच्या भाड्याने ऑनलाइन जागा विकतात. आठ फुटांवर फुकट जाणाऱ्या फाइलीतून कुणाला काय मिळणार?

आणि शेवटचा आरोप आपल्यावर. आपण म्हणजे पुणे, बंगळूर, हैदराबादेत बसून जगाच्या बँका चालवणारे लोक. आपण घरच्या मशीनकडे बघत नाही. बघितलं तर "रीस्टार्ट कर" म्हणतो. मराठी नावांची फाइल कुठे अडकली तर सल्ला देतो, "नाव इंग्लिशमध्ये ठेव ना." मीही दिलाय. विचार करा, काय बोलतो आपण. ऱ हे अक्षर नसेल तर 'दुसऱ्या' लिहिता येत नाही, 'वऱ्हाड' लिहिता येत नाही. वऱ्हाडातल्या माणसाने फाइलीला वऱ्हाड नाव द्यायचं नाही, कारण दोन डिस्कांचं पटत नाही? आपल्या कोडच्या चाचण्यांत फाइलीची नावं काय असतात? 'टेस्ट', 'टेस्ट १', 'फू'. फार तर एखादं फ्रेंच नाव, तेही युरोपातल्या ग्राहकाने तक्रार केली म्हणून. आपल्या स्वतःच्या भाषेतलं एक नाव चाचणीत टाकायला कुणी मनाई केली होती? मी माझ्या टीमच्या चाचण्या सोमवारी उघडून पाहिल्या. एकही नव्हतं. नावं एकमेकांशी ताडताना आधी दोन्ही एकाच रूपात आणायची, ही एका ओळीची गोष्ट आहे. आमच्या कोडमध्ये ती ओळ नव्हती. आता आहे, आणि चाचणीतल्या फाइलीचं नाव 'वऱ्हाड' आहे.

गंमत म्हणजे त्या दिवशी मी अर्धा तास आणखी चिकाटी धरली असती तर हे काही झालंच नसतं. नेटवर्कवरून फाइल पाठवताना मॅक नावातले तुकडे जोडून, एकसंध रूपात पाठवतो. म्हणजे सरळ दार उघडलं असतं तर ऱ शाबूत राहिला असता. खिडकीतून दिला म्हणून फुटला.

नुसतं भांडून उपयोग नाही, म्हणून घरी काय केलं ते सांगतो. एका रविवारचं काम आहे. बाबांच्या विंडोजवर शेअरिंगपुरतं एक वेगळं स्थानिक खातं काढलं, साधं नाव, लक्षात राहील असा पण लांब पासवर्ड. त्याला एकाच फोल्डरचा हक्क दिला. घरचं वायफाय विंडोजमध्ये 'पब्लिक' म्हणून नोंदलेलं होतं, ते 'प्रायव्हेट' केलं. (निम्मी भांडणं इथेच मिटतात.) राउटरमध्ये बाबांच्या मशीनचा आयपी पत्ता कायमचा बांधून टाकला. मॅकवर फाइंडरच्या 'गो' मेनूतून 'कनेक्ट टू सर्व्हर'मध्ये एसएमबीचा पत्ता एकदा टाकला, पासवर्ड जपून ठेवायला सांगितला, आणि तो फोल्डर लॉगिनच्या वेळी आपोआप उघडेल असा लावला. फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह, कोलन, तिरकी रेघ वापरायची नाही असं ठरवलं. मॅकवर तारीख लिहिताना तिरक्या रेघा चालतात, विंडोजवर चालत नाहीत. एरवी मराठीत काय हवं ते नाव ठेवा. पाहुण्यांच्या लॅपटॉपसाठी लोकलसेंड नावाचं मुक्त सॉफ्टवेअर ठेवलंय, ते मॅक, विंडोज, फोन सगळ्यांवर चालतं आणि फाइल घराबाहेर जात नाही.

या यादीत कठीण काय आहे? आपल्याला काहीच नाही. बाबांना सगळंच. म्हणून हे काम आपलं आहे, त्यांचं नाही. पुढच्या वेळी घरातलं कुणी म्हणालं की "मी ठेवलं होतं, दिसत नाहीये", तर आधी फोल्डर उघडा. माणसावर संशय घेण्याआधी मशीनवर घ्या. ते मशीन आपल्यासारख्याच कुणीतरी, आपल्याइतक्याच घाईत बनवलेलं असतं.

त्या तीन प्रकरणांच्या सहा फाइली जुळवायला आम्हा दोघांना दोन रविवार लागले. बाबा वाचायचे, मी कापायचो-जोडायचो. कॅलेंडरवरच्या बारीक नोंदी तेव्हा उपयोगी पडल्या, कुठल्या तारखेला काय लिहिलं ते कळायला. वादळाची रात्र मिळाली. वायरमनचं लग्नही मिळालं. एक परिच्छेद त्यांनी दोनदा लिहिला होता, पहिला हरवला असं समजून. दुसरा जास्त चांगला होता, तो ठेवला.

कॅलेंडरवर लिहिणं आता त्यांनी सोडलंय. पण परवा संध्याकाळी मला हाक मारून म्हणाले, "जरा बघ रे, फाइली चौदाच आहेत ना?"

चौदाच होत्या. मी दोनदा मोजल्या.